अठ्ठेचाळीसचा पीळ

१५ सप्टेंबर, रविवार

आठ महिने या वहीत एक अक्षर लिहिलं नाही, याबद्दल दिलगीर आहे. कोणाकडे, ते सांगता येत नाही. वही माझी, वाचणाराही मीच. तरी दिलगिरी नोंदलेली बरी. शेवटची नोंद १३ जानेवारीची आहे: ‘चाळीस यार्ड. हरीण उभं होतं. गेलं.’ नंतर लिहिण्यासारखं काही घडलं नाही असं नाही. पण नेम का चुकला ते कळेपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं, आणि कारण काल सापडलं.

कारण नळीत आहे.

नोंद मुळापासून असावी म्हणून लिहितो. रायफल बाबांची. ठासणीची, गारगोटीच्या ठिणगीवर पेटणारी, बेचाळीस इंच नळी. नळीच्या आतल्या खाचा सरळ नसतात, पिळाच्या असतात, त्यातून जाताना गोळीला गिरकी मिळते. किती इंचांत एक पूर्ण गिरकी, तो आकडा म्हणजे पीळ. चिंधीत गुंडाळलेल्या गोल गोळीला सैल पीळ मानवतो, सहासष्ट इंचांचा वगैरे. लांबट जड गोळीला घट्ट लागतो, अठ्ठावीसचा. निशाण्यावर मारायला गोल गोळी चांगली, हरणासाठी लांबट चांगली असं म्हणतात. बाबांच्या नळीचा पीळ अठ्ठेचाळीस. म्हणजे धड हे नाही, धड ते नाही. हा आकडा ऐकीव नाही. नळीच्या पोटाखाली ठोकलेला आहे, मी भिंगातून पाहिलाय. मी विमा कंपनीत अपघातांचे क्लेम तपासतो, ऐकीव गोष्टीवर मी कधी सही केलेली नाही.

बाबांचा नेम याच नळीनं चुकत नसे, हे खरं आहे आणि ते नोंदवणं माझं कर्तव्य आहे. पण बाबा जवळून मारत. शिवाय तेव्हा हरणं जास्त होती.

संकल्प: १ ऑक्टोबरच्या आत पीळ ठरवणे, बंदुका घडवणाऱ्या एल्वुड स्ट्रॉसरांकडून नळी नव्यानं कापून घेणे, आणि रोज लिहिणे.

२१ सप्टेंबर, शनिवार

रोज लिहिण्याचा संकल्प ‘जमेल तेव्हा’ असा दुरुस्त केला आहे. न झेपणारा संकल्प चालू ठेवणं हाही एक अप्रामाणिकपणाच.

सकाळी रेंजवर. पन्नास यार्ड, पंचवीस बार. नऊ लागले, सोळा गेले. सोळांपैकी तीन वाऱ्यामुळे, चार चिंध्या फाटल्यामुळे, दोन वेळा ऊन डोळ्यावर, एकदा शेजारचा खोकला. हे दहा वगळले तर चित्र बरंच सुधारतं. उरलेले सहा एकाच जागी, खाली आणि डावीकडे. (वगळलेले दहाही खाली आणि डावीकडेच गेले, पण ते वगळलेले आहेत.) इतकं सातत्य माणसाच्या चुकीत नसतं. हे नळीचंच लक्षण.

कर्ट झायडर्स बरोबर होता. कर्ट पाण्याच्या नळांची कामं करतो आणि आमच्या डोंगरातल्या शिकारीच्या कॅम्पमध्ये माझ्या वरच्या बिछान्यावर झोपतो, या दोन्ही गोष्टींमुळे त्याला माझ्याबद्दल बोलायचा हक्क आहे असं त्याला वाटतं. म्हणाला, अरे ड्वेन, तू रंजक पेटताना डोळे मिटतोस का? रंजक म्हणजे बाहेरच्या वाटीतली चिमूटभर दारू. गालापासून चार बोटांवर तिचा भडका होतो, मग आतला बार उडतो. मी सांगितलं, मिटत नाही. मिटले असते तर मला दिसलं असतं. यावर कर्टनं थर्मासमधली कॉफी मला न विचारता सगळी मला दिली.

२२ सप्टेंबर, रविवार

आर्लीनचा विचार करायला हवा. टाळतोय.

आर्लीन माझी धाकटी बहीण. शाळेची बस चालवते, बावीस वर्षांत एकदाही हरणाला धडकलेली नाही. या जिल्ह्यात हे नोंदवण्यासारखं आहे. रायफल बाबांनी माझ्या नावे ठेवली. नेम तिचा चांगला, पण मी थोरला. अंत्यविधीनंतर ती एवढंच म्हणाली: बंदूक ठेव, वापर, घाण कर, साफ कर, काय करायचं ते कर. पण नळीला हत्यार लावू नकोस. बाबांचं दुसरं काही उरलेलं नाही रे माझ्याकडे.

मी तेव्हा मान हलवली होती.

मान हलवणं म्हणजे शब्द देणं होतं का, यावर आज बराच वेळ विचार केला. हॉलमध्ये गर्दी होती. मान कदाचित मी इतर कोणाला बघून हलवली असेल. तरी मी स्वतःला सोडत नाही: निम्मा शब्द दिला होता असं धरून चालतो.

६ ऑक्टोबर, रविवार

१ ऑक्टोबर उलटला. दोष तक्त्याचा. गोळीचं वजन, दारूचं माप, अंतर, पीळ असे रकाने आखले, पण टेबल डुगडुगतं, रेषा वाकड्या येतात. आज उपाय झाला. रायफलच्या दस्त्यात पितळी झाकणाचा छोटा कप्पा आहे, त्यात चिंध्या ठेवतात. त्याच्या तळाशी लाकडाचा एक तुकडा सापडला. नखाएवढा, एक कड तिरकी आणि ठेचलेली, चामड्याची साल चिकटलेली. कशाची तरी पाचर असावी. बाबा काहीही टाकत नसत. टेबलाच्या पायाखाली सरकवला, तंतोतंत बसला. या महिन्यातलं एवढंच काम पूर्ण झालंय.

पिळाची स्थिती: सकाळी सहासष्ट. जेवणानंतर अठ्ठावीस. आता छप्पन्न.

मार्सीला, म्हणजे बायकोला, तक्ता दाखवला. तिनं नीट पाहिला. मग विचारलं, याच्यात तू कुठे आहेस? मी सांगितलं, नेमबाज हा घटक स्थिर धरलाय. ती म्हणाली, बरं, आणि माझे शिकारीचे शर्ट धुवायला घेतले. हल्ली ती लांब शेपटीचेच शर्ट आणते. आमच्या कॅम्पमध्ये ज्याचा नेम चुकतो त्याच्या शर्टाची मागची शेपटी कात्रीनं कापून, तारीख घालून तुळईला ठोकतात. पाच माझ्या आहेत. बाबांच्या दोन, ७४ आणि ७५च्या, धुरानं तपकिरी झालेल्या. नंतर त्यांची एकही नाही. आर्लीनची एकही नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

एल्वुडांकडे गेलो. वय एक्क्याऐंशी, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय. कोठारात लाकडी बाक आहे. त्यावर नळी बांधायची, पोलादी गज आत घालायचा आणि हातानं ओढत एकेक खाच कापायची. एका खाचेला शंभरावर खेपा. गज किती फिरेल ते लाटेवर, म्हणजे पिळाच्या खुणा कोरलेल्या गोल लाकडी दांड्यावर, ठरतं. भिंतीवर तीन लाटा टांगलेल्या. म्हणाले, चौथा पीळ हवा असेल तर नवी लाट कोरावी लागेल, महिना जाईल. आणि नाताळानंतर मी बाक मोडतोय. मुलीकडे राहायला जाणार, डेलावेअरला. तिथे म्हणे सगळं सपाट आहे.

मी तक्ता काढला. एल्वुडांनी एका डोळ्यानं पाहिला आणि उलटा करून परत दिला. म्हणाले, बाळा, मला आकडा सांग. हवामान सांगू नकोस.

मी म्हटलं, शिकारही आणि निशाणाही, दोन्ही साधायचंय. ते म्हणाले, एक बायको कर, दोन करायला गेलास की दोघी हसतात. आर्लीनला माहीत आहे का हे?

मी सांगितलं, योग्य वेळी सांगणार आहे. म्हणाले, मग योग्य वेळी आकडाही सांग. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशीपर्यंत. नंतर मी कुणाचा नाही.

३ नोव्हेंबर, रविवार

अठ्ठावीस रद्द. लांबट गोळीनं निशाण्याचा आनंद जातो. मग सहासष्ट. पण सहासष्ट घेतला आणि पुढे कधी लांबट गोळी मारावीशी वाटली तर? माणूस बदलतो. छप्पन्न हा समजूतदार आकडा आहे, पण समजूतदारपणानंच तर अठ्ठेचाळीस झाला. थकलो.

१४ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळी ६

दोन आठवड्यांत एक्केचाळीस क्लेम, सगळे हरणांचे. माजाचे दिवस, हरणं बेभान धावतात, माणसं बेभान गाडी चालवतात. प्रत्येक जबाबात तेच वाक्य: हरीण अचानक आलं. हरीण अचानक येत नसतं. कर्ट परवा म्हणाला, तुझ्या ग्राहकांनी यंदा तुझ्यापेक्षा एक्केचाळीस हरणं जास्त मारली. हसलो. हसणं भाग होतं.

काल एका बाईंचा जबाब घेतला. शपथेवर सांगत होत्या की शेवटपर्यंत रस्त्यावर नजर होती. ब्रेकच्या खुणा वेगळंच सांगतात. वीस वर्षांच्या अनुभवानं सांगतो: धडकेच्या आधी माणूस डोळे मिटतो आणि नंतर खुशाल सांगतो की मी सगळं पाहिलं. खोटं बोलत नसतो. त्याला खरंच तसं वाटत असतं. अशा माणसांशी कठोर होऊ नये, पण क्लेम मात्र नामंजूर करावा.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

थँक्सगिव्हिंग आर्लीनकडे. तिनं बाबांच्या पद्धतीनं बटाट्याचं सारण केलं होतं, सेलरी जास्त. जेवताना म्हणाली, बंदुकीला तेल देतोस ना? माझ्या तोंडात घास होता. मान हलवली.

आज सांगायचं ठरवून गेलो होतो. पण सणाच्या दिवशी कुणाचं जेवण बिघडवणं हा स्वार्थ ठरला असता. मन आपलंच हलकं होतं, पोट मात्र दुसऱ्याचं बिघडतं.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

नळी दिली. दस्त्यापासून सोडवून, जुन्या चादरीत गुंडाळून ट्रकमध्ये ठेवली. दोनदा वाटेत थांबलो. एकदा पेट्रोलला, एकदा उगाच.

घरून निघताना छप्पन्न ठरवला होता. एल्वुडांच्या दारात सहासष्ट म्हणालो. कोठारात थंडी होती, आणि छप्पन्न म्हटलं असतं तर ‘नवी लाट’ वगैरे सगळं पुन्हा ऐकावं लागलं असतं.

एल्वुडांनी नळी बाकावर ठेवली, पोटाखालच्या आकड्यावरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाले, सहासष्ट? नक्की? मी म्हटलं, नक्की. पुढच्या आठवड्यात बदलणार नाहीस? मी म्हटलं, मी अशा स्वभावाचा माणूस नाही. त्यावर ते इतके हसले की खोकला लागला, पाणी आणून द्यावं लागलं. वीस डिसेंबरला ये म्हणाले. वयामुळे माणूस कशावरही हसतो.

आता मागे फिरणं नाही. आर्लीनला हंगाम संपल्यावर सांगायचं, भिंतीला टेकवलेलं हरीण दाखवून. यशानं बऱ्याच गोष्टी आपोआप समजावल्या जातात.

३ डिसेंबर, मंगळवार

साठ. काल अंघोळ करताना लख्ख कळलं, साठ. एल्वुडांना चार वेळा फोन केला, उचलत नाहीत. कानातलं यंत्र काढून ठेवलं असणार. पाचव्यांदा केला नाही. सहासष्ट तर सहासष्ट. कधीतरी माणसानं स्वतःच्या शब्दाला जागलं पाहिजे.

२१ डिसेंबर, शनिवार

काल नळी आणली. एल्वुडांनी हातात ठेवली आणि म्हणाले, सहासष्ट आहे. मोजून घे. मी म्हटलं, तुमच्यावर विश्वास आहे. मजुरी विचारली तर हात झटकला: जुनं काम आहे, राहू दे.

आतून आरशासारखी. आणि एक कौतुकाची गोष्ट: नव्यानं खाचा कापल्या की नळी किंचित रुंदावते, जुनी चिंधी सैल पडते, असं सगळीकडे लिहिलेलं आहे. इथे मात्र तीच गोळी, तीच चिंधी, तेवढीच घट्ट. याला म्हणतात कसब.

आज दहा बार. चार लागले. म्हणजे छत्तीस टक्क्यांवरून चाळीस. उरलेले सहा खाली आणि डावीकडे, पण पूर्वीच्या मानानं आत्मविश्वासानं गेले. नवी नळी मुरायला वेळ लागतो.

२६ डिसेंबर, गुरुवार, कॅम्प

हंगाम सुरू. डोंगरात आठ इंच बर्फ, शेगडीत ओकची लाकडं. सहाही बिछाने भरलेले. आर्लीन बाबांच्या बिछान्यावर झोपते, ते ठरलेलंच आहे. तिनं माझी रायफल सहज उचलली, नळी उजेडाकडे धरली, आत पाहिलं. म्हणाली, छान ठेवलीस रे. बाबांना आवडलं असतं.

सांगायची ती वेळ होती. मी शेगडीत लाकूड घातलं. शेगडीत लाकूड पुरेसं होतं.

२८ डिसेंबर, शनिवार, दुपार

सकाळी साडेआठ, ओढ्याच्या वर, हेमलॉकच्या झाडाखाली. मोठी मादी. पस्तीस यार्ड, आडवी उभी. वारा नाही, ऊन पाठीमागे, चिंधी नवी, कोणी खोकलं नाही. इतकी अनुकूल परिस्थिती की मनातून भीतीच वाटली. चाप ओढला. भडका, धूर. धूर विरला तेव्हा मादी तिथेच होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि चालत गेली. पळालीसुद्धा नाही.

बर्फात गोळीची रेघ होती. खाली, डावीकडे.

सहावी शेपटी. कात्री आर्लीननं चालवली, हळूच, गार हात पाठीला लागू न देता. कर्टनं विचारलं, हा रंग यंदाचा का रे, आधीच्या पाचांना शोभून दिसतोय. तारीख घातली. मी म्हटलं, थंडीत दारू मंद जळते. कोणी वाद घातला नाही. वाद घातला असता तर बरं वाटलं असतं.

१ जानेवारी, बुधवार, कॅम्प, दुपारी ४

जसं घडलं तसं लिहितो.

नव्या वर्षाचं डुकराचं मांस आणि आंबवलेला कोबी शिजत होता. तोवर दरवर्षीची कुऱ्हाड. ओंडक्यात कुऱ्हाड धार आपल्याकडे करून रोवायची, पात्याच्या दोन्ही बाजूंना मातीची एकेक तबकडी. गोळी पात्यावर दुभंगून दोन्ही फुटल्या तर जिंकलं. आर्लीननं पहिल्याच बाराला फोडल्या. नंतर माझी पाळी. यंदा प्रत्येक बाराची नोंद ठेवायचं ठरवलं होतं. बाकावर वही उघडली, तापमान लिहिलं, दारूचं माप सत्तर असं लिहिलं, चिंधी लिहिली, गोळी ठासली. रंजक घातलं. सगळे माझ्या उजव्या बाजूला ओळीनं उभे.

नेम धरला, चाप ओढला. रंजक भडकलं. बार उडालाच नाही.

सत्तरचं माप वहीत गेलं होतं. नळीत दारू गेलीच नव्हती.

ही चूक ठासणीवाल्या प्रत्येकाच्या हातून होते, त्यात लाज नाही. लाज दुसरीच. बार उडाला की धूर आणि धक्का सगळं झाकून टाकतो. आज धूर नव्हता, धक्का नव्हता. होतो फक्त मी. आणि सगळ्यांनी पाहिलं: नळीचं तोंड वीतभर खाली गेलेलं, डावीकडे, मान उजवीकडे फिरवलेली, आणि डोळे लहान मुलाला इंजेक्शन देताना असतात तसे घट्ट मिटलेले. मला हे ठाऊक आहे, कारण डोळे उघडले तेव्हा समोर कुऱ्हाड नव्हती. शेजारचा झाडाचा बुंधा होता.

कर्ट म्हणाला, गोळी आत राहिली, ड्वेन बाहेर गेला. मग सगळे हसले.

आर्लीन हसली नाही. जवळ येऊन हळू म्हणाली, डोळे, अरे. एवढंच आहे. डोळे.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हणालो, डोळ्यांचा प्रश्न नाही, एल्वुडांनी नव्यानं कापलेली नळी आहे, अजून मुरायचीय.

बोलून गेलो आणि मग ऐकू आलं.

आर्लीननं विचारलं, कापलेली? तिनं पुन्हा विचारलं, बाबांची? मग तिनं हातमोजे घातले, स्वयंपाकघरात जाऊन कोबीखालची आच कमी केली आणि ट्रक घेऊन गेली. कोबी छान झाला होता म्हणे. मी जेवलो नाही. तिचं ताट कोणी काढलं नाही.

४ जानेवारी, शनिवार

आर्लीन फोन घेत नाही. काल बसच्या डेपोवर गेलो. काचेतून मला पाहिलं, दार बंद ठेवून आरसे पुसत राहिली. तिन्ही आरसे. मग वेळ झाली म्हणून गेली.

तीन दिवस सचोटीनं विचार करतोय. निष्कर्ष: मान हलवणं म्हणजे शब्द देणंच होतं. पूर्ण.

एल्वुडांकडे गेलो. बाक सुटा करून भिंतीला लावलाय, लाटा खोक्यात. विचारलं, पुन्हा अठ्ठेचाळीस करता येईल का? म्हणजे बाबांची होती तशी? मूर्खासारखा प्रश्न. कापलेलं पोलाद परत येत नाही.

एल्वुड म्हणाले, अठ्ठेचाळीस तिचा पीळ कधी होता?

मी म्हटलं, पोटाखाली ठोकलाय.

ते म्हणाले, तो माझा नंबर आहे बाळा. माझ्या हातची अठ्ठेचाळिसावी नळी. त्र्याहत्तरच्या हिवाळ्यात कापली, तुझा बाप तिथे दारात उभा होता, बूट ओले. पीळ सहासष्ट. तुला म्हटलं होतं, मोजून घे.

मी बसलो. बसायला खोकंच होतं.

विचारलं, म्हणजे तुम्ही कापलीच नाही? म्हणाले, तू सहासष्ट मागितलेस, सहासष्ट दिले. तेल लावलं, तीन आठवडे खुंटीला ठेवली. म्हटलं, तेवढे दिवस तरी तुझ्यापासून सुखरूप राहील.

मला काय वाटलं ते लिहिणं कठीण आहे. हलकं वाटलं, आणि लगेच पुढचं विचारलं. विचारायला नको होतं. मी छप्पन्न म्हटलं असतं तर? किंवा साठ?

एल्वुडांनी खांदे उडवले. तर कापली असती. गिऱ्हाईक आहेस. बंदूक तुझी आहे.

निघताना त्यांनी विचारलं, तुझ्या बापाचं लाकूड आहे का अजून? मला कळलं नाही. ते म्हणाले, लाकडाची गारगोटी. तोही डोळे मिटायचा, चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तर. मग खऱ्या गारगोटीच्या जागी लाकूड बसवलं आणि दोन वर्षं रोज अंगणात नुसता चाप ओढला. ठिणगी नाही, दारू नाही, काही नाही. वेड्यासारखा उभा राहायचा. लोक हसायचे. दस्त्याच्या कप्प्यात ठेवायचा तो तुकडा.

मी म्हटलं, बघतो.

५ जानेवारी, रविवार

मोजली. गजाला घट्ट चिंधी लावून, गजावर खूण करून, सावकाश ओढली. तेहतीस इंचांत अर्धी गिरकी. तीनदा मोजली. सहासष्ट. काम दहा मिनिटांचं. सप्टेंबरातही दहाच मिनिटांचं होतं.

१२ जानेवारी, रविवार

आर्लीननं दार उघडलं. मी आत गेलो नाही, ओसरीवरच सांगितलं. सगळं सांगितलं: अठ्ठेचाळीस, सहासष्ट, खुंटी, आणि नळी शाबूत आहे. छप्पन्न आणि साठचंही सांगितलं, आणि चार फोनांचंही. ते सांगितलं नसतं तरी चाललं असतं. मन तेच सुचवत होतं, म्हणूनच सांगितलं.

ती बराच वेळ ओसरीवरचं बर्फ पायानं कडेला सारत राहिली. मग म्हणाली, म्हणजे नळी वाचली ती एका म्हाताऱ्याला फोन ऐकू आला नाही म्हणून. तुझ्यामुळे नाही.

मी म्हटलं, नाही, माझ्यामुळे नाही.

ती म्हणाली, हे तू पहिल्यांदा बोललास.

आत बोलावलं नाही. पण दारूचं शिंग आणि गोळ्यांची पिशवी मागितली. ट्रकमधून आणून दिली. म्हणाली, बंदूक ठेव, ती बाबांनी तुला दिलीय. दारू माझ्याकडे राहील. डोळे उघडे ठेवायला शिकलास की ये घ्यायला. मी विचारलं, किती दिवस लागतील? म्हणाली, बाबांना दोन वर्षं लागली. तू कॉलेजात गेलायस, तुला जास्त लागतील. दार लावताना किंचित हसली असावी. खात्री नाही. वगळतो.

हंगाम अजून आठ दिवस आहे. माझा संपला. तक्ता फाडणार होतो, मागची बाजू कोरी आहे म्हणून ठेवला. या टेबलावर लिहितोय, टेबल अजिबात हलत नाही.

उद्या: टेबलाच्या पायाखालचं लाकूड काढणे.